अठरापैकी अठरा: पुइग ओबेरची कारकीर्द समजून घेताना

१९५१ सालच्या जून-जुलैत फ्रान्सचा एक रग्बी संघ ऑस्ट्रेलियात तीन कसोटी सामने खेळला. सिडनीत फ्रान्स २६, ऑस्ट्रेलिया १५. ब्रिस्बेनला फ्रान्स ११, ऑस्ट्रेलिया २३. पुन्हा सिडनीत फ्रान्स ३५, ऑस्ट्रेलिया १४. फ्रान्सच्या तिन्ही आकड्यांची बेरीज होते ७२. त्यातले बरोबर निम्मे, म्हणजे ३६ गुण, एकाच माणसाच्या पायातून आले. त्या तीन सामन्यांत त्याने १८ वेळा गोलवर किक मारली आणि अठराही वेळा चेंडू दोन खांबांच्या मधून गेला.

या माणसाचं कागदोपत्री नाव रोबेर ओबेर पुइग. खेळाच्या जगात मात्र तो पुइग ओबेर म्हणूनच ओळखला जातो. बेताची उंची, किंचित स्थूल बांधा, सरावाचा मनस्वी कंटाळा आणि ओठात कायम सिगारेट. या सवयीवरूनच त्याला ‘पिपेत’ हे टोपणनाव पडलं. असा माणूस अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्यांच्या खेळात जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक कसा झाला? याचं उत्तर त्याच्या पायात तर आहेच, पण त्या काळच्या गुणपद्धतीत आणि फ्रान्सच्या राजकारणातही आहे. या सगळ्याशिवाय ‘अठरापैकी अठरा’ ही नुसती नोंद राहते. म्हणून आधी खेळच नीट समजून घेऊ.

रग्बी म्हटलं की आपल्याकडे एकच खेळ डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात रग्बी दोन आहेत आणि त्यांची भाऊबंदकी सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये बैठक घेतली आणि मूळ संघटनेतून बाहेर पडायचं ठरवलं. भांडण पैशांचं होतं, पण चैनीच्या पैशांचं नव्हे. या भागातले खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत राबणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर कामाचा खाडा व्हायचा, मजुरी बुडायची. ती बुडलेली मजुरी क्लबने भरून द्यावी, एवढीच मागणी होती. मूळ संघटनेला तेवढंही मान्य नव्हतं. खेळ हौसेखातर खेळावा, असं तिचं म्हणणं. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटत नाही, त्याला असं म्हणणं सोपं जातं.

फुटून निघालेल्यांनी पुढे नियमही बदलले. तिकिटाचे पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकाला खेळ वेगवान आणि मोकळा दिसावा, म्हणून १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. जुना खेळ रग्बी युनियन, नवा रग्बी लीग. फ्रेंच माणूस सरळ आकड्यांत बोलतो: ‘कॅंझ’ म्हणजे पंधरा आणि ‘त्रेझ’ म्हणजे तेरा. दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोन शहरात कोण कुठल्या घरातला हे या दोन आकड्यांवरून कळायचं.

दोन्ही खेळांतला मुख्य फरक कबड्डी खेळलेल्याला पटकन समजेल. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्या संघाने पकडून पाडलं की पुढे काय करायचं? युनियनमध्ये पडलेल्या गड्याभोवती दोन्ही संघांची झुंबड उडते आणि चेंडू कोणाच्या हाती लागेल याची झटापट तिथेच सुरू होते. लीगमध्ये पकड पूर्ण झाली की झटापट संपली. पाडलेल्या गड्याला सोडायचं, त्याने उभं राहायचं, चेंडू टाचेने मागे ढकलायचा आणि त्याच्याच संघाने पुन्हा चढाई सुरू करायची. आज अशा सहाच पकडी मिळतात, मग चेंडू समोरच्या संघाला द्यावा लागतो. पुइग ओबेरच्या काळात मात्र पकडींवर मर्यादाच नव्हती. ती १९६० च्या दशकात आली, आधी चार पकडींची आणि पुढे सहाची. म्हणजे १९५१ मध्ये एखादा संघ चेंडू हातातून निसटू न देता कितीही वेळ स्वतःकडेच ठेवू शकत होता. अशा खेळात प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलजवळ कोंडून ठेवणं फार मोलाचं. आणि त्याला मागे रेटण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे एक लांब, अचूक किक.

आता गुणांचा हिशेब, कारण खरी मेख इथे आहे. समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो. आज लीगमध्ये ट्रायला चार गुण आहेत, तेव्हा तीनच होते. ट्रायनंतर एक जादा किक मिळते, ती साधली की आणखी दोन. प्रतिस्पर्ध्याने नियम मोडला तर पेनल्टी किकवर दोन. खेळ चालू असताना चेंडू जमिनीवर टेकवून उसळताक्षणी मारलेला ड्रॉप गोल आज सहसा एका गुणाचा, तेव्हा तोही दोनचा. तीन गुणांच्या ट्रायसाठी तेरा जणांनी धावायचं, पकडी खायच्या, रक्ताळायचं. आणि एकट्या माणसाने शांतपणे मारलेल्या किकला दोन गुण. आजच्या मानाने त्या काळी किक मारणाऱ्याचं वजन कितीतरी जास्त होतं.

आता पुन्हा ते निकाल पाहा. पहिल्या कसोटीतले २६ गुण म्हणजे चार ट्रायचे बारा आणि सात गोलांचे चौदा. दुसऱ्या कसोटीतले ११ म्हणजे एक ट्राय आणि चार गोल. तिसऱ्या कसोटीतले ३५ म्हणजे सात ट्राय आणि सात गोल. सात, चार आणि सात मिळून अठरा.

या अठरातली अवघड गोष्ट अशी. ट्रायनंतरची किक मनाला येईल तिथून मारता येत नाही. चेंडू जिथे टेकवला, त्याच रेषेत मागे यावं लागतं. ट्राय खांबांच्या समोर झाला तर किक पोरखेळ. पण धावणारे बहुधा कडेने निसटतात आणि ट्राय कोपऱ्यात होतो. मग खांब इतके तिरके दिसतात की दोघांमधली फट जेमतेम उरते. मागे मागे जाऊन कोन थोडा रुंद करता येतो, पण तेवढंच अंतर वाढतं. कोन की अंतर, हा सौदा दर किकला नव्याने करावा लागतो. त्यात त्या काळचा चेंडू चामड्याचा, ओला झाला की जड होणारा. किकही आजच्यासारखी वळसा घेऊन पायाच्या वरच्या भागाने नव्हे, तर समोरून धावत येऊन बुटाच्या टोकाने मारायची. टोकाचा स्पर्श बोटभर जरी चुकला तरी चेंडू भलतीकडे. हे सगळं लक्षात घेतलं की अठरापैकी अठरा या आकड्याकडे पाहायची नजर बदलते.

खेळ असा. पण तो फ्रान्समध्ये पोचला कसा, आणि पोचल्यावर त्याचे इतके हाल का झाले, हे कळल्याशिवाय पुइग ओबेर कळत नाही.

नैऋत्य आणि दक्षिण फ्रान्समध्ये गावोगावी पंधराचं रग्बी रुजलेलं होतं. नाव हौशी खेळाचं, पण चांगल्या खेळाडूला क्लब टेबलाखालून पैसे देत आणि मैदानावर हाणामारीही भरपूर व्हायची. १९३१ मध्ये ब्रिटिश संघटनांनी या कारणांवरून फ्रान्सशी संबंध तोडले आणि पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतून फ्रान्स बाहेर पडला. मोठे सामने गेले, प्रेक्षक नाराज झाले. ही पोकळी इंग्लंडमधल्या तेराच्या मंडळींनी हेरली. १९३३ च्या शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा तेराचा प्रदर्शनी सामना झाला. पंधराच्या संघटनेने दूर केलेला जां गालिया नावाचा खेळाडू पुढे आला. १९३४ च्या मार्चमध्ये त्याने मूठभर गडी घेऊन इंग्लंडचा दौरा केला आणि एप्रिलमध्ये फ्रान्समध्ये तेराची संघटना उभी राहिली. हा खेळ इतक्या झपाट्याने वाढला की पाच वर्षांत, १९३९ मध्ये, फ्रान्स युरोपीय अजिंक्यपद जिंकून बसला.

आणि मग युद्ध आलं. १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीपुढे कोसळला आणि मार्शल पेतांचं सरकार विशी शहरातून कारभार पाहू लागलं. या सरकारला खेळातला पैसा म्हणजे राष्ट्राच्या अधःपाताचं लक्षण वाटत होतं. पंधराच्या संघटनेतली वजनदार माणसं सरकारच्या जवळची होती. मंत्री जां इबार्नेगारे यांनी १९४० मध्येच तेराचा खेळ संपल्यात जमा असल्याचं जाहीर केलं. क्रीडाखात्याची सूत्रं दोनदा विम्बल्डन जिंकलेल्या जां बोरोत्रा या टेनिसपटूच्या हाती होती. १९ डिसेंबर १९४१ च्या हुकुमाने तेराची संघटना बरखास्त झाली आणि तिची मालमत्ता सरकारी क्रीडा समितीकडे वळती झाली. मैदानं, खात्यातले पैसे, सामान, सगळं गेलं. खेळाडूंपुढे दोनच वाटा उरल्या: पंधरा खेळा किंवा घरी बसा.

व्यावसायिकतेचा बाऊ करून इतर खेळांवरही बंधनं आली, पण मुळासकट उपटला गेला तो तेराचा खेळ. मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात बोचणारी गोष्ट अशी वाटते की हा घाव परक्या सैन्याने घातला नाही. तो घरातल्याच लोकांनी घातला, आणि तोही संधी साधून.

पुइग ओबेर नेमका या काळात वाढला. जन्म २४ मार्च १९२५ चा, जर्मनीतल्या आंडरनाख गावचा. पण वाढला तो स्पेनच्या सरहद्दीलगतच्या कातालान मुलखात, पेर्पिन्यांच्या आसपास. तेराचा खेळ बंद, म्हणून हा मुलगा पंधरा खेळला. नुसता खेळला नाही, तर १९४४ मध्ये पेर्पिन्यांच्या ज्या संघाने पंधराचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं, त्यात तो होता. जेमतेम १९ वर्षांचं वय. पंधराच्या खेळात त्याचं पुढचं सगळं आयुष्य आखून ठेवल्यासारखं दिसत होतं.

त्याच वर्षी फ्रान्स मुक्त झाला आणि तेराचा खेळ पुन्हा उभा राहू लागला. मैदान नाही, पैसा नाही, फक्त माणसं. कार्कासोनच्या क्लबने या पोराला गाठलं आणि तो तेराकडे आला. हा निर्णय हलका नव्हता. एकदा तेरा खेळलात, पैसे घेतलेत, की पंधराचे दरवाजे कायमचे बंद. गावात, नात्यात, कधी घरातसुद्धा दोन तट पडत. पण कार्कासोनला त्याच्या रूपाने जे मिळालं, त्याची फळं लगेच दिसली. १९४५ आणि १९४६ मध्ये लागोपाठ राष्ट्रीय अजिंक्यपद, मग १९५०, १९५२ आणि १९५३ मध्येही. शिवाय १९४६, १९४७, १९५१ आणि १९५२ मध्ये फ्रेंच चषक. किल्ल्यासाठी ओळखलं जाणारं हे छोटं शहर त्या दशकात तेराच्या खेळाची राजधानी झालं.

त्याची जागा फुलबॅकची, म्हणजे सगळ्यांच्या मागे उभं राहणाऱ्या एकट्या गड्याची. समोरचा संघ सगळी फळी फोडून आला की शेवटचा अडसर हाच. आणि लांब किक मारून चेंडू मागे धाडला की तो झेलून परत फिरवायची जबाबदारीही याचीच. पुइग ओबेरला पकडी करण्यात मुळीच रस नव्हता. पुढच्यांनी माणूस माझ्यापर्यंत येऊच देऊ नये, असा त्याचा एकंदर पवित्रा होता. खेळ दुसऱ्या टोकाला चालू असताना तो मैदानाच्या कडेला प्रेक्षकाकडून सिगारेट घेऊन दोन झुरके मारायचा, अशीही आठवण सांगतात. आजच्या कुठल्याही प्रशिक्षकाने त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

पण त्याच्या कमतरतांची भरपाई त्याच्या पायात होती. दोन फुलबॅक एकमेकांना लांबलांब किक मारत बसतात, तेव्हा ती नुसती टोलवाटोलवी नसते. दर किकमागे पाच-दहा मीटर जमीन जिंकायची असते आणि शेवटी एक जण चुकतो. असा सामना पुइग ओबेरशी कोणी सुखासुखी खेळत नसे. त्यात मैदानाच्या मध्यापासून ड्रॉप गोल मारण्याची त्याची धमक. समोरच्या संघाला दूरवर पेनल्टी देणंही परवडत नसे, कारण ज्या अंतरावरून इतर कोणी प्रयत्नसुद्धा केला नसता तिथून हा दोन गुण काढत असे. त्याच्या भीतीने बचाव करणारे हात आखडता घेत, आणि त्या आखडण्याचा फायदा त्याच्या पुढच्या गड्यांना मिळे. गुणफलकावर न दिसणारी ही कमाई, माझ्या मते, त्या ३६ गुणांइतकीच मोठी आहे.

आता १९५१ चा दौरा. ऑस्ट्रेलियाने आदल्याच वर्षी ग्रेट ब्रिटनला हरवून तीस वर्षांनी अ‍ॅशेस परत मिळवली होती. हो, या खेळातही अ‍ॅशेस आहे. त्यांचा कर्णधार क्लाइव्ह चर्चिल हाही फुलबॅकच, आणि ऑस्ट्रेलियाच्या इतिहासातला एक थोर खेळाडू. अशा संघापुढे फ्रान्सचे पाहुणे आले, ज्यांचा खेळ दहा वर्षांपूर्वी सरकारी हुकुमाने पुसून टाकला होता. त्या देशात फ्रान्सच्या तेराच्या संघाचा हा पहिलाच दौरा. त्यांना कोणी फारसं मोजत नव्हतं.

पहिल्या कसोटीला सिडनी क्रिकेट ग्राउंडवर साठ हजारांहून जास्त लोक होते. त्यांना जे दिसलं त्याची त्यांना सवय नव्हती. फ्रेंच गडी स्वतःच्या गोलरेषेजवळूनही चेंडू पास करत होते, पकडीत सापडता सापडता दुसऱ्याच्या हाती सोपवत होते. एली ब्रूस आणि एदुआर पोन्सिने हे पुढच्या फळीतले दोन दणकट गडी, चेंडू खेळवणारा चपळ जां दोप, मधल्या फळीत जाक मेर्के. हे सगळे जोखीम घेत होते. इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जोखीम घेता येते, कारण मागे कोणीतरी भरवशाचं उभं असतं. संघाचा कर्णधार पुइग ओबेर होता. चढाई अर्ध्यावर फसली, पण वाटेत पेनल्टी मिळाली, तरी दोन गुण खिशात. म्हणजे फसलेली चढाईही वाया जात नव्हती. फ्रान्सचा तो देखणा, बेधडक खेळ आणि त्याची थंड डोक्याची किक या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाने उट्टं काढलं. तिथेही त्याच्या चारही किक आत गेल्या, पण एका ट्रायच्या जोरावर कसोटी जिंकता येत नाही. मालिका बरोबरीत आली आणि निर्णायक सामना २१ जुलैला सिडनीत झाला. ३५-१४. सात ट्राय आणि सातच्या सात किक. नव्याने अ‍ॅशेस जिंकलेल्या संघाचा घरच्या मैदानावर एवढा मोठा पराभव. पुढे न्यूझीलंडमध्ये फ्रान्स कसोटी एका गुणाने हरला, १६-१५. पण तोवर दौरा अजरामर झाला होता. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या त्या सबंध दौऱ्यात पुइग ओबेरने एकट्याने २३६ गुण केले.

जहाजाने संघ मार्सेयला परतला तेव्हा शहराच्या रस्त्यांवर स्वागताला प्रचंड लोटली होती माणसं. त्या वर्षी ‘लेकिप’ या क्रीडा दैनिकाने फ्रान्सचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणून पुइग ओबेरची निवड केली. सगळ्या खेळांमधून एक, आणि तो तेराचा.

यानंतरची मोठी घटना १९५४ ची. तेराच्या संघटनेचा अध्यक्ष पॉल बारिएर युद्धात प्रतिकार चळवळीत होता आणि ऐन तिशीच्या आत त्याने संघटना हाती घेतली होती. त्याने जगापुढे विश्वचषकाची कल्पना मांडली आणि फ्रान्सने यजमानपद घेतलं. पंधराच्या रग्बीला विश्वचषक भरवायला १९८७ साल उजाडलं. तेराने तो तेहतीस वर्षं आधी भरवला. संघ चारच, पण स्पर्धा खरी. पुइग ओबेरच्या नेतृत्वाखाली फ्रान्सने पॅरिसमध्ये न्यूझीलंडला आणि नाँतमध्ये ऑस्ट्रेलियाला हरवलं, तुलूझमध्ये ग्रेट ब्रिटनशी १३-१३ अशी बरोबरी केली. फ्रान्स आणि ब्रिटन समान गुणांवर आले, म्हणून १३ नोव्हेंबरला पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर अंतिम सामना झाला. ब्रिटनचे कित्येक आघाडीचे खेळाडू आलेच नव्हते, तरी कर्णधार डेव्ह व्हॅलेंटाइनच्या त्या नवख्या संघाने १६-१२ असा सामना जिंकला. फ्रान्स विश्वविजेतेपदाच्या इतका जवळ आला होता. हे शल्य तेराच्या जुन्या चाहत्यांच्या मनात अजून आहे.

पुढच्याच वर्षी जाक मेर्केच्या नेतृत्वाखाली फ्रान्सने ऑस्ट्रेलियात पुन्हा २-१ अशी मालिका जिंकली. त्या संघात पुइग ओबेर नव्हता. १९५६ मध्ये त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली, तेव्हा त्याच्या नावावर फ्रान्ससाठी ४६ सामने आणि ३६१ गुण होते. उत्तरार्धात तो पेर्पिन्यांच्या ‘त्रेझ कातालां’कडूनही खेळला, म्हणजे जिथून पंधरा खेळत बाहेर पडला होता त्याच शहरात तेरा खेळायला परतला.

आज पेर्पिन्यांचाच ‘कातालान ड्रॅगन्स’ हा संघ २००६ पासून इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये खेळतो. २०१८ मध्ये वेम्बलीवर वॉरिंग्टनला हरवून त्याने चॅलेंज चषक जिंकला, हा मान मिळवणारा इंग्लंडबाहेरचा पहिला संघ. कार्कासोनच्या आल्बेर दोमेक मैदानापाशी पुइग ओबेरचा पुतळा आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. युद्धानंतर तेराचा खेळ परत आला, पण त्याचं नाव परत मिळालं नाही. पंधराच्या संघटनेशी झालेल्या तडजोडीत ‘रग्बी’ हा शब्द सोडून द्यावा लागला. संघटनेच्या पाटीवर, पत्रांवर, अधिकृत कागदांवर फक्त ‘झ्यो आ त्रेझ’, म्हणजे ‘तेरांचा खेळ’. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियाला हरवून आलेला संघ आपल्या देशात अधिकृतपणे रग्बीचा संघ नव्हता. लेकिपने निवडलेला वर्षाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कागदोपत्री रग्बीपटू नव्हता. तो शब्द वापरण्याचा हक्क फ्रान्समध्ये तेराला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिळाला. पुइग ओबेर ३ जून १९९४ ला कार्कासोनमध्ये वारला. म्हणजे तेवढं त्याला पाहायला मिळालं.